फिट्ट बसलेलं कपाट

तीर्थस्वरूप मामा,

आपल्या एकुलत्या एका जावयाचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे जितकं वाकता येतं तितकं. पंधरा दिवसांपूर्वी पाठीत उसण भरली ती अजून पुरती गेलेली नाही. का भरली ते पुढे येईलच.) आपला गुडघा कसा आहे? जिना चढताना दुखतो की उतरताना, हे आपण मागच्या पत्रात लिहिलं नाहीत. आपल्या कन्येचं म्हणणं असं की उतरताना दुखत असेल तर काळजीचं कारण नाही, चढताना दुखत असेल तर आहे. किंवा उलट. तिनं सांगितलं तेव्हा मी दाढी करत होतो, त्यामुळे नक्की आठवत नाही. तरी दोन्ही वेळा जपावं. इकडे सगळे बरे आहोत. ही बरी आहे, मी पाठ सोडून बरा आहे आणि ज्याची आपण प्रत्येक पत्रात माझ्याआधी चौकशी करता तो आमच्या कारखान्यातला ड्राइव्हही ठणठणीत आहे.

आपलं पत्र परवा पोचलं. पुढच्या गुरुवारी दोन दिवसांसाठी येताय हे वाचून फार आनंद झाला. मग "कपाट भिंतीवर कसं दिसतं ते एकदा डोळ्यांनी बघायचं आहे" हे वाक्य आलं आणि आनंद जागच्या जागी बसला. त्याच्याही खाली आपण लिहिलंय, की मी केलेलं कपाट कामाला आलं असेल तर सुतारकामाची हत्यारं ठेवीन, नसेल आलं तर पेटीसकट शेजारच्या सुताराला देऊन टाकीन, म्हातारपणी नुसता गंज कशाला सांभाळायचा. मामा, हे मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना हिनं पत्र माझ्या हातातून घेतलं, स्वतः वाचलं आणि भांडी घासायला गेली. भांडी घासलेलीच होती. गेल्या पंधरा दिवसांत आपण मला दोनदा विचारलंत, कपाट बसलं का, आणि दोन्ही वेळा मी कळवलं की एकदम फिट्ट बसलं. ते अक्षरशः खरं आहे. त्यापुढे काय झालं ते मात्र मी कळवलं नाही. ते आज लिहितो. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर आपण नुसतं "हं" म्हणून थांबता, आणि आपण थांबलात की माझी वाचा बसते. कागद थांबत नाही.

सुरुवातीपासून सांगतो. आमच्या धुलाई कारखान्यात चादरी धुण्याचा एक मोठा ड्रम आहे. दोन हॉस्पिटलं आणि चार हॉटेलं, एवढ्यांच्या चादरी रोज त्याच्या पोटात जातात. बटण दाबलं की त्याची मोटर एकदम पूर्ण ताकदीनं उठायची, उशीर झालेला माणूस अंथरुणातून उठतो तशी. ड्रमला असा हिसका बसायचा की पलीकडच्या टेबलावरचा चहा बशीत यायचा. (इस्त्रीवाल्या बायका म्हणूनच बशीतून चहा पितात असं मला पहिली दोन वर्षं वाटत होतं. त्या तशाही बशीतूनच पितात.) पट्टे तुटायचे, बेअरिंग जायची आणि मालकीणबाई माझ्याकडे असं बघायच्या की जणू मीच आत बसून लाथा मारतोय. शेवटी त्यांनी ड्राइव्ह आणला. ड्राइव्ह म्हणजे मोटरच्या आधी बसवायची एक पेटी. वीज आधी तिच्यात जाते आणि ती मोटरला हळूहळू, अंदाज घेत देते, त्यामुळे मोटर हिसका न देता उठते. अकरा किलोची पेटी, किंमत माझ्या कित्येक पगारांची. कारखान्यात विजेचं जाणणारा मी एकटा, म्हणजे वासरात लंगडी गाय शहाणी, तेव्हा ती बसवायचं काम माझ्याकडे आलं.

आता आमच्याकडे वाफ किती आणि चादरींचा भुसा किती हे आपण पाहिलंच आहे. अशा हवेत एवढी महाग वस्तू उघडी कशी ठेवायची या विचारात मी घरी जेवताना बोललो, की त्या पेटीला एक चांगलं कपाट हवं. आपल्या कन्येनं घास खाली ठेवला. त्याच संध्याकाळी तिनं आपल्याला फोन लावला. सासूबाई गेल्यापासून दोन वर्षं आपण रंध्याला हात लावला नव्हता, हे मला ठाऊक होतं. हात थरथरतो असं आपण सांगायचात. त्या दिवशी फोनवर आपण लगेच म्हणालात, "माप सांग." ही माझ्याकडे वळली तेव्हा तिचा चेहरा असा झाला होता की तिनं त्या क्षणी मला मोटरही लाकडी करून घ्या म्हटलं असतं तरी मी हो म्हणालो असतो.

मी माप घेतलं. मामा, असं माप मी जन्मात घेतलं नव्हतं. उंची चाळीस सेंटिमीटर आणि वर दोन मिलिमीटर, रुंदी, खोली, कोपऱ्यांची गोलाई, सगळं. आपण विचारलंत, "आजूबाजूला काही जागा सोडायची का?" आणि मी काय उत्तर दिलं ते मला रोज आठवतं. मी म्हणालो, "छे, मामा, अगदी अंगाबरोबर होऊ द्या." लग्नापासून ऐकत आलोय, की आपल्या हातच्या पेटीत दोन फळ्यांमध्ये कागद जात नाही, की आपल्या कपाटाचं दार लावताना आतली हवा सुस्कारा टाकते. मला वाटलं, जागा सोडायला सांगणं म्हणजे आपला अपमान. आणि मला हेही दाखवायचं होतं की विजेवाल्या जावयालाही मापातलं कळतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ड्राइव्हबरोबर एक पुस्तक आलं होतं. त्यात मापाची आकृती बाराव्या पानावर आहे. मी पुस्तक तिथेच उघडलं आणि तिथेच मिटलं. पहिली अकरा पानं नुसत्या सूचनांची होती, आणि सूचना काय, प्रत्येक वस्तूबरोबर येतात.

कपाट आलं तो दिवस कारखान्यात कोणी काम केलं नाही. सगळे बघायला. इस्त्रीवाल्या बायकांनी पॉलिशवरून हात फिरवला, मालकीणबाईंनी त्यात स्वतःचा चेहरा बघून केस सारखे केले. आत मखमलीचं अस्तर, तारा जायला खाली तीन गोल भोकं, प्रत्येक भोकाला लाकडी कडं. मी ते ड्रमच्या शेजारच्या भिंतीवर चार मोठ्या स्क्रूंनी टांगलं आणि ड्राइव्ह आत सरकवला. तो गेला तसा आतून सुस्कारा आला. सगळ्यांनी ऐकला. बटण दाबलं, आणि ड्रम असा फिरायला लागला की झोपलेलं मूल जागं झालं नसतं. टेबलावरचा चहा कपातच राहिला. मालकीणबाई म्हणाल्या की सासरा असावा तर असा. मी मान खाली घालून ते स्वतःकडे घेतलं.

अर्ध्या तासानं ड्राइव्ह थांबला. ड्रममध्ये हॉस्पिटलच्या पन्नास चादरी, साबणाच्या पाण्यात, अर्धवट. कपाटाचं दार उघडलं तर नव्या पॉलिशचा असा वास आला की भूक लागावी, आणि पेटीच्या छोट्या पडद्यावर काहीतरी खूण लुकलुकत होती. पुस्तकात बघितलं, अर्थ होता, "फार तापलो आहे." मी कंपनीच्या इंजिनियरला फोन लावला. त्यानं शांतपणे विचारलं, "वर-खाली किती जागा सोडलीय?" मी म्हणालो, "अजिबात नाही. एकदम फिट्ट." (हे मी अभिमानानं म्हणालो, मामा. लपवत नाही.) मग त्यानं विचारलं की पेटी कशावर बसवलीय. मी सांगितलं, उत्तम लाकडात, आणि अस्तर मखमलीचं. यावर त्यानं मला पुस्तकाची पहिली अकरा पानं मोठ्यानं वाचायला लावली. पन्नाशीला टेकलेला माणूस मी, ड्रमसमोर उभा राहून पहिलीतल्या पोरासारखा वाचतोय, आणि इस्त्रीवाल्या बायका ओळीनं ऐकतायत.

पुस्तकाचा सारांश सांगतो, कारण आपण कारागीर आहात आणि आपल्याला त्यातलं मर्म लगेच कळेल. ही पेटी चालताना गरम होते आणि खालून थंड हवा घेऊन वरून गरम हवा सोडते. म्हणून ती उभी बसवायची, आणि वर-खाली दहा-दहा सेंटिमीटर मोकळं सोडायचं, बाजूंनाही थोडं. पाठीला लोखंडी पत्रा हवा, लाकूड अजिबात नको, कारण कधी काळी जास्तच तापली तर पेट घ्यायला काही मिळू नये. वाफ, भुसा, तेलाचे थेंब यांपासून लांब. म्हणजे आपल्या धंद्यात जे पाप, ते हिच्या धंद्यात पुण्य. आपण चाळीस वर्षं जी फट बुजवण्यात घालवलीत, तीच फट हिला श्वास घ्यायला लागते. हे सांगायची जबाबदारी माझी होती. आपण जागेचं विचारलंही होतंत. कपाटात काडीचा दोष नाही, दोष सांगणाऱ्यात आहे, हे मी लेखी देतो.

आता पेटी बाहेर काढायची. तिथेही पुस्तक आडवं आलं. वीज बंद केली तरी आत काही काळ वीज साठून राहते, म्हणून किमान दहा मिनिटं थांबायचं, आतला लाल दिवा विझल्याची खात्री करायची आणि मगच हात लावायचा. (बंद झाल्याबरोबर जवळ जाऊ नये, दहा मिनिटं जाऊ द्यावीत, हे मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकलो होतो. हे मी सर्वसाधारण विधान म्हणून लिहितोय, आपल्या कन्येशी त्याचा संबंध नाही.) मालकीणबाई घड्याळ घेऊन बसल्या. आम्ही सगळे हात बांधून उभे. बाहेरून चादरी घ्यायला आलेल्या हॉस्पिटलच्या ड्रायव्हरनं आम्हाला तसं पाहिलं आणि कोण गेलं म्हणून हळू आवाजात चौकशी केली.

दहा मिनिटं झाली, दिवा विझला, आणि मग कळलं की पेटी निघत नाही. पुढच्या झाकणाला धरून ओढायचं नाही, ते हातात येतं आणि पेटी पायावर पडते, असं पुस्तकात ठळक अक्षरात आहे. बाजूंनी धरावं तर बोट जायला जागा नाही. मी उलथणं घालून पाहिलं. पातळ सुरी घालून पाहिली. शेवटी कपाटासकट भिंतीवरून उतरवलं, एकट्यानं, आणि तिथे माझ्या पाठीनं राजीनामा दिला. मला बाकावर पालथं झोपवलं आणि हिला बोलावून घेतलं. ही आली. माझ्याकडे एकदा बघितलं, कपाटाकडे जास्त वेळ बघितलं, आणि म्हणाली की बाबा पाठीची फळी कधी खिळ्यांनी ठोकत नाहीत, स्क्रूनंच लावतात, कारण केलेलं काम उद्या कुणाला तरी उघडावं लागणार हे ते गृहीत धरतात. तिनं कपाट पालथं केलं. (म्हणजे त्या वेळी आम्ही दोघंही पालथे होतो, मी आणि कपाट.) आठ स्क्रू काढले, फळी सुटली, पेटी अलगद मोकळी झाली.

फळीच्या आतल्या बाजूला आपण पेन्सिलीनं तारीख घातली होतीत. तारखेखाली लिहिलं होतं, "दोन वर्षांनी. हात थरथरला नाही." ते कोणी वाचावं म्हणून आपण लिहिलं नव्हतं हे मला कळतं, तरी वाचलं गेलं, त्याबद्दल क्षमा असावी. ही ती फळी मांडीवर घेऊन ओल्या फरशीवर बसली आणि खूप रडली. मी पालथा होतो, पण मलाही आवरलं नाही. मालकीणबाईंनी सगळ्यांना बाहेर काढलं. त्यानंतर आपल्याला "फिट्ट बसलं" याच्यापुढे एक अक्षर लिहिण्याची माझी छाती झाली नाही. चूक माझी होती, आणि ती कळवली असती तर आपण ती आपल्या हाताच्या नावावर टाकली असती.

ड्राइव्हचं पुढे रीतसर झालं. पलीकडे मोडक्या खुर्च्यांची एक कोरडी खोली होती, ती रिकामी केली. भिंतीवर लोखंडी पत्रा, त्यावर पेटी उभी, वर-खाली जागा मी पट्टीनं मोजली आणि मग हिनं मोजली. येणारी वीज कुठल्या तीन टोकांना आणि मोटरकडे जाणारी कुठल्या तीन, हे उलटं झालं तर पेटी जागच्या जागी संपते, म्हणून ते मी तीनदा तपासलं आणि हिनं चौथ्यांदा. जमिनीकडे जाणारी तार घट्ट आवळली. पत्र्याला भोकं पाडताना लोखंडाचा चुरा पेटीत जाऊ नये म्हणून वरच्या फटींवर जाड कागद चिकटवायचा असतो, तोही चिकटवला. ड्रम सुरू केला, आणि अर्ध्या तासानं पेटी पुन्हा तापून थांबली. भोकं पाडून झाल्यावर तो कागद काढायचाही असतो. हे चौदाव्या पानावर आहे, आणि आता मला ते पुस्तक तोंडपाठ आहे. कागद काढल्याला आज तेरा दिवस झाले. पेटी एकदाही थांबलेली नाही.

आणि कपाट. मामा, वाफेमुळे आमच्याकडे साखर कधी कोरडी राहिली नाही. डब्यातून ती सुरीनं फोडून काढावी लागायची, बिस्किटं दुपारपर्यंत कापसासारखी व्हायची. कपाटाच्या पाठीची फळी परत लावल्यावर एका इस्त्रीवालीनं सहज म्हणून साखरेचा डबा कपाटात ठेवला. दुसऱ्या दिवशी साखर चमच्यातून वाळूसारखी पडली. ड्राइव्हला जो सुस्कारा मानवला नाही, तो साखरेला मानवला. कपाट आता चहाच्या टेबलाच्या वर आहे, किल्ली मालकीणबाईंच्या कमरेला, आणि चार वाजता ते उघडतं तेव्हा सगळे माना वर करून बघतात. तेव्हा कपाट कामाला आलं का, या आपल्या प्रश्नाचं उत्तर होय असं आहे. भिंत बदलली एवढंच. हत्यारं देऊ नयेत ही हात जोडून विनंती.

सगळं लिहून मन मोकळं झालं. राग आला असेल तर गुरुवारी समोरासमोर यावा, मी बाकावर पालथा पडून ऐकून घेईन.

आपला,
मापाचा कच्चा जावई

ता. क. गुडघ्याचं हिला आत्ता पुन्हा विचारलं. तिचं उत्तर याही वेळी मला नीट कळलं नाही. आल्यावर आपणच विचारावं.

ता. क. २. एक सांगायचं राहिलं. मालकीणबाईंनी आपलं काम पाहिल्यापासून ध्यास घेतलाय. धुतलेल्या चादरी ठेवायला त्यांना भिंतभर लाकडी मांडण्या हव्या आहेत, आणि त्या आपल्याकडूनच. दोन-तीन महिन्यांचं काम आहे, कदाचित जास्तच. मी म्हटलं, विचारून बघतो, ते फार कामात असतात. तरी येताना हत्यारांची पेटी घेऊनच यावं, आणि दोन दिवसांच्या बोलीनं येऊ नये.

बाबा, पाकीट चिकटवायच्या आधी मी हे पत्र काढून वाचलं. साखरेचं खरं आहे. मांडण्यांचं खोटं आहे. कारखान्यात मांडण्या लोखंडी आहेत आणि गेल्याच वर्षी आणल्यात, मालकीणबाईंना यातलं काही माहीतही नाही. तुम्ही इथे राहायला यावं असं ह्यांना सहा महिन्यांपासून विचारायचंय, पण तोंडातून शब्द फुटत नाही. लाकूड मात्र ह्यांनी खरंच आणून ठेवलंय, एक अख्खी गाडी, आपल्या पुढच्या खोलीत, त्याचं काय करायचं ते काही ठरलेलं नाही. आम्ही सध्या स्वयंपाकघरात झोपतो. लवकर या.